आकाशाचे भाडे आणि जमिनीची वाट

‘विमान’ हा शब्द आपल्या भाषेत शतकानुशतके नांदतो आहे. ‘विमानाचे तिकीट’ हा शब्दप्रयोग मात्र त्या मानाने कालपरवाचा. लंकेहून अयोध्येस परतणाऱ्या रामाचे पुष्पक विमान आपण लहानपणी कथाकीर्तनांत ऐकले. तुकोबांना न्यावयास वैकुंठाहून विमान आले, ही तर वारकऱ्यांची श्रद्धाच आहे. त्या विमानांस भाडे नव्हते. परंतु त्यांत बसण्याचे भाग्य एखाद्यालाच लाभावयाचे. पुढे खरीखुरी विमाने आली, तरी संसारी माणसाची स्थिती फारशी पालटली नाही. अंगणात उभे राहावे, कपाळावर हात आडवा धरावा आणि पोरांना बोटाने दाखवावे, एवढाच आपला विमानाशी संबंध. आज तो संबंध बदलला आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एकीकडे आगगाडीचे भाडे आणि दुसरीकडे विमानाचे भाडे दिसते, आणि कधी कधी या दोहोंतील अंतर इतके थोडे असते की घरातील कर्त्या माणसास मोह पडावा. या मोहाचा हिशेब कसा करावा, याचा विचार आज आपण करणार आहोत.

हिशेबासाठी गाव निवडले आहे आनेकल. बेंगळुरू नगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तमिळनाडूच्या सीमेलगत हे तालुक्याचे ठिकाण आहे. कानडीत ‘आने’ म्हणजे हत्ती आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड. परंतु हे दोन शब्द जोडले की ‘आनेकल्लु’ म्हणजे पावसात पडणारी गार. आकाशातून येणाऱ्या वस्तूचे नाव धारण करणाऱ्या या गावात रेशमी वस्त्रे विणण्याचा व्यवसाय चालतो. तालुक्यात बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले येथे मोठाल्या औद्योगिक वसाहती उभ्या आहेत. तेथे देशाच्या अनेक भागांतून माणसे कामास येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, कोल्हापूर या बाजूची मराठी बोलणारी कुटुंबेही त्यांत आहेत. अशा कुटुंबाचे एक पाऊल बेंगळुरूत असते, तर दुसरे गावाकडे. सण, लग्न, आजारपण, जमिनीची वाटणी, वर्षश्राद्ध, काहीना काही कारणाने बेळगावची वाट त्यांना वर्षातून दोन-चार वेळा धरावीच लागते. रस्त्याने ही वाट पाचशे किलोमीटरांहून थोडी अधिकच भरते.

स्वस्त विमानप्रवासाचा विचार करावयाचा तर बेंगळुरूहून योग्य असे दुसरे शहर नाही, कारण आपल्या देशात या प्रयोगाचा आरंभ तेथेच झाला. हासन जिल्ह्यातील गोरूर या खेड्यातून आलेले कॅप्टन गो. रा. गोपीनाथ हे सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी काही वर्षे शेती केली, रेशमाचे किडे पाळले, आणि १९९७ साली हेलिकॉप्टर भाड्याने देण्याचा उद्योग मांडला. २००३ साली त्यांनी बेंगळुरूहून ‘एअर डेक्कन’ ही विमानसेवा सुरू केली. अठ्ठेचाळीस आसनांची, पंख्यांवर चालणारी लहान विमाने, आणि अगदी आरंभीच्या मार्गांत आपल्या ओळखीचे हुबळी! मोठ्या शहरांना जोडणाऱ्या जेट विमानांशी स्पर्धा न करता, ज्या गावांकडे कोणी पाहत नव्हते तिकडे विमान न्यावे, हा त्यामागील विचार होता. काही आसने तर एक रुपया भाड्याने विकली गेली. या सेवेने आपले बोधचिन्ह म्हणून निवडला तो रा. कृ. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस. धोतर, चौकड्यांचा कोट आणि डोळ्यांवर चष्मा अशा वेषातील तो मूक गृहस्थ वृत्तपत्राच्या चौकटीतून उठून विमानाच्या दारात येऊन उभा राहिला, ही त्या काळातील लहान घटना नव्हे.

विमान स्वस्त होते कसे, हेही थोडक्यात समजून घेतले पाहिजे. या पद्धतीचे मूळ अमेरिकेत टेक्सास राज्यात सापडते. तेथे १९७१ साली ‘साउथवेस्ट’ ही कंपनी डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या तीन शहरांमध्ये विमाने उडवू लागली. तत्त्व सोपे होते. विमान जमिनीवर उभे असते तेव्हा केवळ खर्च होतो. ते आकाशात असते तेव्हाच पैसा मिळतो. म्हणून विमान उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आत पुन्हा उडवावयाचे. विमाने होता होईतो एकाच जातीची ठेवावयाची, म्हणजे वैमानिकांचे शिक्षण आणि सुट्या भागांचा साठा यांवरील खर्च आटोक्यात राहतो. फुकट जेवण बंद करावयाचे, आसने जवळजवळ मांडावयाची, आणि सामान, खाणे, मनाजोगती जागा यांचे पैसे वेगळे घ्यावयाचे. थोडक्यात, भाड्यात केवळ माणूस बसतो. त्याच्या सोयी बाहेर उभ्या राहतात आणि एकेक करून आपले मोल मागतात.

आपल्याकडे एक म्हण आहे, ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.’ स्वस्त विमानप्रवासास ही म्हण जशी लागू पडते तशी क्वचितच दुसऱ्या कशास लागू पडत असेल. कोंबडीची किंमत पडद्यावर दिसते. मसाल्याची किंमत आपणांस घरी बसून काढावी लागते. ती कशी काढावयाची, हे आनेकलच्या उदाहरणावरून पाहू.

बेंगळुरूचा केंपेगौडा विमानतळ २४ मे २००८ रोजी सुरू झाला. तो देवनहळ्ळीजवळ, शहराच्या उत्तरेस आहे. आणि आनेकल दक्षिणेस. मध्ये सबंध बेंगळुरू शहर पसरलेले. दोहोंतील रस्ता सत्तर किलोमीटरांच्या घरात जातो. पहाटे निघालात तर दोन तासांत पोहोचाल. कचेऱ्या भरण्याच्या वा सुटण्याच्या वेळी निघालात तर तीन तासही अपुरे पडतील. सामान देण्याची खिडकी उड्डाणापूर्वी साधारणपणे एक तास बंद होते. तेव्हा मुलेबाळे बरोबर असतील तर दोन तास हाताशी ठेवणे इष्ट. आता पाटीवर बेरीज मांडा. आनेकल ते विमानतळ अडीच तास, विमानतळावर दोन तास, आकाशात सव्वा तास, सांबऱ्याच्या विमानतळावर उतरून सामान घेण्यास अर्धा तास, आणि तेथून बेळगावात घरी पोहोचण्यास आणखी अर्धा तास. एकूण पावणेसात तास. त्यांतील विमान हवेत असते तो काळ केवळ सव्वा तासाचा! उरलेले साडेपाच तास आपण जमिनीवरच असतो.

या बेरजेशेजारी दुसरी बेरीज मांडली पाहिजे. १० ऑगस्ट २०२५ या एकाच दिवशी बेंगळुरूत दोन गोष्टींचे उद्घाटन झाले. एक, रा. वि. रोड ते बोम्मसंद्र ही मेट्रोची पिवळी मार्गिका. आणि दुसरी, बेंगळुरू-बेळगाव वंदे भारत गाडी. पहिलीमुळे मेट्रो आनेकल तालुक्यात येऊन पोहोचली. आता आनेकलहून बसने बोम्मसंद्र गाठावे, तेथून मेट्रोने, मध्ये एकदा मार्गिका बदलून, क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांचे नाव दिलेल्या मुख्य रेल्वे स्थानकाशी उतरावे. रायण्णा बेळगाव जिल्ह्यातलेच. तेव्हा बेळगावकरास हे स्थानक परके वाटू नये. तेथून वंदे भारत गाडी साडेआठ तासांच्या आसपास बेळगावास पोहोचविते. राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीची निघते आणि सकाळी पोहोचते. घरापासून घरापर्यंत मोजले तर दिवसाच्या गाडीला अकरा तासांहून अधिक आणि रात्रीच्या गाडीला त्याहूनही काही अधिक काळ लागतो. म्हणजे विमानाने वाचतात ते साधारण चार-पाच तास. रात्रीच्या गाडीतील झोप वजा केली, तर जागेपणीचे वाचलेले तास त्याहूनही कमी भरतात.

याचा अर्थ विमान निरुपयोगी आहे असा मुळीच नव्हे. अर्थ इतकाच की, विमानाने आपण चार-पाच तास विकत घेतो. आणि ते तास कोणाचे आहेत, यावर त्यांचे मोल ठरते. गुडघे धरलेल्या सासूबाईंना रात्रीच्या गाडीत वरच्या फळीवर चढविणे शक्य नसेल, तर त्यांचे चार तास सोन्याच्या मोलाचे आहेत. तिकीट काढतानाच चाकांची खुर्ची मागून ठेवली, तर विमानतळाच्या दारापासून आसनापर्यंत त्यांना चालावे लागत नाही. कारखान्यात शनिवार-रविवारची सुटी जोडून एकच दिवसाची रजा मिळालेल्या तरुणाचे चार तासही मोलाचे. परंतु मे महिन्याच्या सुटीत महिनाभर आजोळी राहावयास निघालेल्या मुलांना चार तासांची घाई कसली? त्यांच्या दृष्टीने तर खिडकीतून दिसणारी घाटे, नद्या आणि स्थानकावरचा चहा हीच सुटीची पहिली पाने.

पैशाचा हिशेबही माणसागणिक बदलतो. विमानतळापर्यंतच्या टॅक्सीचे भाडे चौघांत विभागले जाते. एकट्या माणसास ते सबंध सोसावे लागते. म्हणून एकट्याने विमानतळाची बस पाहावी. उलट, तिकिटाचे पैसे चौघांचे चौपट होतात. दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलास विमानात स्वतंत्र आसन घ्यावे लागते. आगगाडीत पाच वर्षांखालील मूल स्वतंत्र जागा न घेता विनातिकीट जाते. तीन वर्षांचे मूल कडेवर असलेल्या आईने हा फरक अवश्य ध्यानात घ्यावा.

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. स्वस्त विमानाचे भाडे एक नसते. एकाच विमानातील आसने निरनिराळ्या दरांच्या गटांत वाटलेली असतात. स्वस्त गट आधी संपतो, मग त्यावरचा, मग त्याच्याही वरचा. दिवस जवळ येईल तसे भाडे बहुधा चढत जाते. त्यामुळे ज्याला आपल्या प्रवासाची तारीख दोन महिने आधी ठाऊक असते, त्यास विमान स्वस्त पडते. आणि ज्याला निरोप येताच चप्पल पायात घालून निघावे लागते, त्यास महाग. लग्नाचा मुहूर्त आधी कळतो. मरणाचा कळत नाही. कचेरीतील अधिकाऱ्यास रजेचे वेळापत्रक आखता येते. पाळीने काम करणाऱ्या कामगारास पुढील आठवड्याची पाळी याच आठवड्यात कळते. म्हणजे ज्या प्रसंगी चार तासांचे मोल खरोखर अपरंपार असते, वडिलांचे अखेरचे दर्शन घडावयाचे की नाही असा प्रश्न असतो, नेमके त्याच प्रसंगी स्वस्त विमान स्वस्त राहत नाही. सामान्य माणसाच्या नावाने सुरू झालेल्या या व्यवस्थेतील ही मोठीच उणीव आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठी शासनाने जे केले, तेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘उडान’ योजना जाहीर झाली. ‘उडे देश का आम नागरिक’ या हिंदी शब्दांची आद्याक्षरे जुळवून हे नाव घडले आहे. मराठीत ‘आम नागरिक’ म्हणजे सामान्य नागरिक. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रातील गृहस्थच पुन्हा! लहान गावांना जोडणाऱ्या विमानांतील निम्म्या आसनांवर, किमान नऊ आणि कमाल चाळीस आसनांवर, भाड्याची मर्यादा घातली गेली. सुमारे तासाभराच्या प्रवासास ती आरंभी २,५०० रुपये होती. कंपनीस येणारी तूट तीन वर्षे भरून द्यावयाची, आणि त्यासाठी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवावयाचा, अशी ही रचना. पहिले उड्डाण २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून दिल्लीस झाले. बेळगाव आणि कोल्हापूर या दोन्ही विमानतळांना या योजनेने नवे मार्ग दिले.

परंतु मार्ग सुरू होणे निराळे आणि टिकणे निराळे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ साली या योजनेचा अहवाल दिला. तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गांवरच विमाने सुरू झाली. त्यांतील ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली. आणि मुदतीनंतरही मार्च २०२३ पर्यंत तग धरून राहिले ते केवळ ५४. कॅप्टन गोपीनाथ यांची पहिली विमानसेवा २००८ साली किंगफिशर कंपनीत विलीन झाली, आणि ती कंपनी २०१२ साली बंद पडली. त्याच ‘एअर डेक्कन’ नावाने २०१७ च्या डिसेंबरात मुंबई, नाशिक, जळगाव अशी लहान विमाने पुन्हा उडू लागली. पुढे कोल्हापूरही जोडले गेले. २०२० साली ती सेवाही थांबली. लहान विमानाचा संसार हा आपल्या संसारासारखाच असतो. मिळकत मोजकी, इंधनाचा खर्च मोठा, आणि एखादे आजारपण आले की सारे गणित कोलमडते.

म्हणून कुटुंबाने दोन गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली ही की, एखाद्या मार्गावर विमान आहे एवढ्यावर विसंबून म्हाताऱ्या आईवडिलांच्या औषधोपचाराची सारी व्यवस्था आखू नये. आज असलेली सेवा पुढील वर्षी असेलच असे नाही. गाडीची आणि बसची वेळही टिपून ठेवावी. दुसरी ही की, ठरलेल्या तारखांच्या प्रवासात आधी तिकीट काढून किंवा रात्रीच्या गाडीने जाऊन जे पैसे वाचतील, ते बाजूला ठेवावेत. घरात दिवाळीसाठी, मुलांच्या फीसाठी आपण वेगळे पैसे ठेवतोच. तसेच अवचित निघावे लागणाऱ्या प्रवासासाठीही ठेवावेत. रात्री अकरा वाजता बेळगावहून दूरध्वनी आला, तर सकाळच्या विमानाचे महाग तिकीट उसनवारीवाचून काढता यावे, एवढी ती रक्कम असावी. सुटीच्या प्रवासात वाचलेले पैसे अशा दिवशी खर्च झाले, तर ते खरोखर सार्थकी लागले असे समजावे.

आता काही व्यवहाराच्या सूचना. बहुतेक स्वस्त विमानसेवांत देशांतर्गत प्रवासास पंधरा किलो सामान खाली आणि सात किलो हाती नेता येते. अधिकाचे पैसे पडतात, आणि ते ऐन वेळी भरल्यास जास्त पडतात. सामान घरीच काट्यावर तोलावे. आपल्या बायका गावाहून येताना लोणच्याची बरणी, तिखटाचा डबा, ओटीचे खोबरे आणतात. यांपैकी तिखट व लोणचे हाताच्या पिशवीत नेऊ देत नाहीत. आणि सुके खोबरे तर तेलकट व ज्वालाग्राही म्हणून खालच्या सामानातही चालत नाही. ओटीत आलेले खोबरे सुरक्षा तपासणीच्या टेबलावर सोडून यावे लागले, की माहेरवाशिणीच्या जिवाला लागते. ते निघण्यापूर्वीच घरात वाटून टाकावे. कुंदा आणि करदंट मात्र नीट बांधून खुशाल आणावेत. याउलट, भ्रमणध्वनी भारित करण्याची वेगळी बॅटरी हातातच ठेवावी. ती खालच्या सामानात टाकू नये.

उतारूंचे काही हक्कही आहेत, आणि ते तिकीट स्वस्त असले म्हणून कमी होत नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे, अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणास दोन तास वा अधिक विलंब झाला तर वेळेवर हजर असलेल्या उतारूस खाण्यापिण्याची सोय मिळाली पाहिजे. विलंब सहा तासांहून अधिक होणार असेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांची निवड उतारूने करावयाची. आधी न कळविता उड्डाण रद्द झाले, आणि त्याचे कारण कंपनीच्या हाताबाहेरचे नसेल, तर दुसरे विमान अथवा परताव्याखेरीज भरपाईही मिळते. एक तासापर्यंतच्या उड्डाणास ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणास ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. मात्र तिकिटावर संपर्काचा क्रमांक स्वतःचाच असू द्यावा. कित्येकदा दलाल आपलाच क्रमांक देतो, सूचना त्याच्याकडे जाते, आणि उतारू विमानतळावर पोहोचल्यावर त्याला बातमी कळते. मग भरपाईचा हक्कही डळमळीत होतो.

शेवटी, आनेकलच्या पाटीवरील त्या साडेपाच तासांकडे पुन्हा एकदा पाहू. शेजारच्या होसूरला मोठा विमानतळ बांधण्याचा मनोदय तमिळनाडू शासनाने २०२४ साली जाहीर केला आहे. तो कधी होईल तेव्हा होवो. तोपर्यंत विमानाचे भाडे शंभर-दोनशे रुपयांनी उतरले काय किंवा चढले काय, आनेकलच्या कामगारास त्याचे सुखदुःख बेताचेच. त्याचा प्रवास जलद आणि स्वस्त व्हावयाचा तो बोम्मसंद्रला आलेल्या मेट्रोने, वेळेवर सुटणाऱ्या बसने, आणि शहर ओलांडण्याच्या सोप्या वाटेने. म्हणून, वाचकहो, पुढील वेळी पडद्यावर स्वस्त भाडे झळकले की लगेच बोट पुढे करू नका. कागद घ्या, घराच्या उंबऱ्यापासून दुसऱ्या घराच्या उंबऱ्यापर्यंतचे तास आणि रुपये लिहा, आणि आपल्यापैकी कोणासाठी हे तास घ्यावयाचे आहेत त्याचे नाव शेजारी लिहा. ते नाव आईचे असेल, आजाऱ्याचे असेल, किंवा एकाच दिवसाची रजा घेऊन निघालेल्याचे असेल, तर खुशाल तिकीट काढा. नाहीतर रात्रीच्या गाडीत अंथरूण टाका. बेळगाव सकाळी येतेच.